मुलाच्या उपचारांत घरच्यांना कसं सामील करून घ्यावं

आठवड्याच्या १६८ तासांपैकी मूल समुपदेशकासमोर असतं ते जेमतेम एक तास. बाकीचा बराचसा वेळ ते घरच्यांसोबत असतं, म्हणून त्यांना दाराबाहेर बसवून केलेला उपचार तोकडा पडतो. ४ ते ६ वर्षांच्या अतिचंचल (एडीएचडी असलेल्या) मुलांसाठी तर अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना औषधाआधी पालकांचं प्रशिक्षणच सुचवतात.

सुरुवात पहिल्या फोनपासून होते. नाव-वय लिहून घेताना विचारा: मुलाला सकाळी कोण उठवतं, अभ्यासाला कोण बसवतं, आणि एकाने ‘नाही’ म्हटल्यावर ‘जाऊ दे, देऊन टाक’ कोण म्हणतं? या शेवटच्या माणसाला आवर्जून बोलवा, मग ती आजी असो की काका. एकट्या आईला बोलावलं की सगळा भार तिच्यावर पडतो आणि घरी जाऊन इतरांना पटवणंही तिच्याच वाट्याला येतं. ज्यांना कामावरून निघता येत नाही त्यांना संध्याकाळची वेळ द्या, नाहीतर स्पीकरफोनवर सामील करून घ्या.

पहिल्या भेटीत १५-२० मिनिटं फक्त मोठ्यांशी बोला. मुलाच्या देखत तक्रारींचा पाढा वाचला गेला की ते पहिल्याच दिवशी तोंड मिटून घेतं. आजवर काय काय करून पाहिलं आणि त्यातलं थोडं तरी काय चाललं, हे विचारा. आईवडील मनात अपराधीपणा घेऊनच आलेले असतात. ‘तुमचंच चुकतंय’ असा नुसता सूर लागला, तरी ते पुन्हा येत नाहीत. नंतर सगळ्यांना एकत्र बसवून गुप्ततेचा नियम स्पष्ट सांगा: मुलाचं बोलणं समुपदेशकापाशीच राहील, मात्र जिवाला धोका असेल किंवा कुणी त्रास देत असेल, तर योग्य माणसाला सांगावं लागेल आणि शक्यतो मुलाला आधी सांगूनच. किशोरवयीन मुलांसोबत हे पहिल्याच दिवशी झालं पाहिजे.

उद्दिष्ट एकच ठेवा आणि ते डोळ्यांनी दिसणारं हवं. ‘नीट वागावं’ हे मोजता येत नाही. ‘हाक मारल्यावर दहा मिनिटांत दप्तर घेऊन दाराशी यावं’ हे येतं.

मग आठवडाभर नोंदी. वहीच्या पानावर तीन रकाने: आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. ‘मोबाईल काढून घेतला. ताट भिरकावलं. मोबाईल परत मिळाला.’ ही एक ओळ वाचली की ताट का भिरकावलं जातं ते पालकांना आपोआप दिसतं. व्याख्यानाची गरज उरत नाही.

पहिला गृहपाठ शिस्तीचा नको, खेळाचा द्या. रोज पाच मिनिटं मूल म्हणेल तो खेळ. मोठ्यांनी प्रश्न, हुकूम, टीका यांतलं काही करायचं नाही, फक्त ‘तू निळा ठोकळा वर ठेवलास’ असं दिसेल ते बोलायचं. हे ऐकायला सोपं आहे, पण प्रत्यक्षात पालक अर्ध्या मिनिटात प्रश्न विचारू लागतात. म्हणून ते आधी तुमच्यासमोर करून घ्या आणि लगेच सांगा काय छान जमलं.

हट्टाकडे दुर्लक्ष करायचं ठरलं तर एक इशारा आधीच द्या: पहिले काही दिवस आदळआपट वाढते. हे सांगितलेलं नसलं की घरचे चौथ्या दिवशी नमतात आणि मूल शिकतं की आणखी जोरात ओरडलं की मिळतं. म्हणूनच घरातले सगळे तयार होईपर्यंत सुरुवात करू नका. मारणं किंवा स्वतःला इजा करणं याकडे मात्र कधीही दुर्लक्ष करायचं नाही.

चिंताग्रस्त मुलांच्या घरात गुंता वेगळा असतो. मायेपोटी घरचे त्याच्या वतीने बोलतात, शाळा बुडवू देतात, रात्री शेजारी झोपतात. त्याने तात्पुरतं बरं वाटतं, भीती मात्र टिकते. अशा सवलतींची यादी करा आणि सगळ्यांत सोपी एकच आधी कमी करा. मुलाला ते आधी सांगा: ‘तुला भीती वाटते हे कळतं, आणि तुला हे जमेल असा आमचा विश्वास आहे.’

गृहपाठ झाला नाही तर ‘का नाही केला?’ याऐवजी ‘मध्ये काय आलं?’ विचारा आणि काम निम्मं करा.

मूल मरणाची भाषा बोललं तर त्याच दिवशी घरच्यांना बोलवा. स्पष्ट विचारल्याने तसा विचार डोक्यात भरत नाही. औषधं, कीटकनाशकं, धारदार वस्तू कुलुपात ठेवायला सांगा, रात्री सोबत कोण राहणार ते ठरवा, तातडीचा फोन नंबर लिहून द्या आणि मानसोपचारतज्ज्ञांना त्याच दिवशी दाखवा. आणि त्रास देणारा घरातलाच असल्याचा संशय असेल तर एकत्र भेट अजिबात घेऊ नका. आधी मुलाची सुरक्षितता आणि बालसंरक्षणाचा कायदा.

सुधारणा टिकली की भेटी पंधरा दिवसांनी, मग महिन्याने करा. शेवटच्या भेटीत घरच्यांनीच लिहावं: कोणती लक्षणं दिसली की पुन्हा फोन करायचा आणि तो कोण करणार.