सभेतलं भाषण कानांनी कसं तपासावं

मी बावीस वर्षं सभांना साउंड लावतोय, सगळ्याच पक्षांच्या. भाषण कसं काम करतं ते तुम्हालाही ऐकू येऊ शकतं.

अर्धा तास आधी मैदानात पोचा. ढोल, तुतारी, गाणी चढत जातात आणि नेता माईकशी आला की एकदम बंद. त्या शांततेत जे पहिलं वाक्य पडतं, ते नीट ऐका. बाळासाहेबांचं ‘जमलेल्या माझ्या तमाम हिंदू बांधवांनो, भगिनींनो आणि मातांनो’ पुरं व्हायच्या आत शिवाजी पार्क उसळायचं. आपलं कोण आणि परकं कोण, हे तिथेच ठरतं. 2024 च्या मार्चमध्ये उद्धव ठाकरे त्याच मैदानात ‘हिंदू’च्या जागी ‘देशभक्त’ म्हणाले आणि त्या एका शब्दावर वाद पेटला.

मग प्रश्नाची वाट बघा. ‘चालेल का?’ विचारून नेता थांबला की डोळे मिटा. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. 170 मीटरवरच्या माणसाला प्रश्न अर्धा सेकंद उशिरा पोचतो आणि त्याचं ‘नाही!’ स्टेजपर्यंत यायला आणखी अर्धा सेकंद. म्हणून स्टेजजवळ उभं राहून ऐकलं तर खरा प्रतिसाद पुढून मागे लाटेसारखा पसरत येतो. एकाच ठोक्यात आला, तर तो बहुतेक पुढच्या रांगांचाच असतो. टीव्हीवर तर हा फरक कळतच नाही, कारण गर्दीकडे तोंड केलेला एक माईक असतो आणि त्याचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, आमच्या हातात. तो किती चढवायचा ते आम्हाला सांगितलं जातं. मी चढवलाय, म्हणून ठामपणे सांगतो.

इकोही ओळखायला शिका. शब्दाला शेपूट असेल तर साधी धमकीसुद्धा आकाशवाणी वाटते.

2019 ला राज ठाकरेंचं ‘लाव रे तो व्हिडिओ’ घराघरांत गेलं. खरं तर ती आमच्यासारख्या ऑपरेटरला दिलेली सूचना! पण ती ऐकली की आता पुरावा दिसणार, हे लोकांना कळायचं आणि व्हिडिओ सुरू व्हायच्या आधीच शिट्ट्या पडायच्या.

घरी जाताना अंगावर काटा कुठे आला ते लिहून ठेवा. सकाळी पेपरात तेवढाच मजकूर शांतपणे वाचा. काटा पुन्हा आला नाही, तर मोबाईलवरचं रेकॉर्डिंग लावा आणि त्या वाक्याच्या आधी नेता किती सेकंद थांबला होता ते मोजा.