राथालोसचे खवले शेपटीकडून सुरू करा

‘मॉन्स्टर हंटर’ या व्हिडिओ गेममधला राथालोस हा लाल, पंखवाला ड्रॅगन पॉलिमर क्लेमध्ये, म्हणजे ओव्हनमध्ये भाजून कडक होणाऱ्या मातीत, घडवायचा म्हटलं की हात आधी खवल्यांकडे जातो. तो आवरा. आधी अॅल्युमिनियमच्या तारेचा सांगाडा करा, त्यावर स्वयंपाकघरातली फॉइल घट्ट दाबून छाती-मांड्यांचा भराव द्या आणि क्लेचा थर साधारण 6 मिमीपेक्षा जाड होऊ देऊ नका. पंख पसरलेले, मान वळलेली, नख्या रोखलेल्या, हा आवेश लांबून ओळखू आला तरच पुढे जा.

आता खवले. सुरुवात शेपटीच्या टोकाकडून करा आणि डोक्याकडे सरका. कौलं जशी वळचणीकडून वर चढवतात, तसंच. पुढची ओळ मागच्या ओळीवर चढली की टोकं आपोआप शेपटीकडे वळतात. पाठीवर मोठे, सुटे खवले चिकटवा. सांध्यांजवळ आणि मानेखाली ते बारीक होत जाऊ द्या, नाहीतर जनावर चिलखत घातल्यासारखं ताठ दिसतं. बारीक भागासाठी स्ट्रॉ उभी अर्धी कापा, क्लेवर क्लिंग फिल्म (अन्न झाकायचं पातळ प्लास्टिक) ताणा आणि वरून दाबा. फिल्ममुळे कडा गोलसर येतात, चिरा दिसत नाहीत. भाजण्याआधी फिल्म काढायला विसरू नका.

सुपर स्कल्पी या ब्रँडची पॉलिमर क्ले 130 अंश सेल्सिअसला, दर 6 मिमी जाडीमागे 15 मिनिटं भाजतात. पंखांचे पडदे पातळ असतात, त्यांना खालून फॉइलचा टेकू हवाच. ओव्हन पूर्ण गार होईपर्यंत त्यांना हात लावू नका.