माळढोक पक्षी बघायला डेझर्ट नॅशनल पार्कला जायचंय? असं प्लॅन करा

जैसलमेरला जाऊन आलेली आपल्याकडची बरीच मंडळी सांगतात की डेझर्ट नॅशनल पार्क बघितला, अन बघितलेलं असतं काय तर जैसलमेरजवळच्या सम गावची वाळू, उंट अन रात्रीचा डीजे. त्यात वाईट काही नाही, पण खरा पार्क म्हणजे जैसलमेर अन बाडमेर या दोन जिल्ह्यांत पसरलेलं 3162 चौरस किलोमीटरचं रान, त्यात वाळूच्या टेकड्या कमी अन खडकाळ माळ, सेवण गवत, खेजडीची झाडं जास्त. बालाघाटावरचा माळ बघितलेल्याला ते लगेच ओळखीचं वाटतं. म्हणून पहिलं हे ठरवा, वाळू पाहिजे का माळढोक. माळढोक पाहिजे असला तर पार्कातल्या सुदासरीकडं जायचं, अन त्याची परवानगी जैसलमेरातच वनविभागाच्या ऑफिसातून काढायची. ओरिजिनल आधार जवळ ठेवा, सुट्टीच्या दिवशी पोहोचलात तर दिवस गेलाच समजा.

नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगरवाल्यांना देवगिरी एक्सप्रेसनं दादर गाठून बांद्रा टर्मिनसवरून जोधपूरची सूर्यनगरी एक्सप्रेस सोपी पडते, ती रोज असते. बांद्रा टर्मिनस अन लोकलचं बांद्रा स्टेशन वेगवेगळं आहे बरं का, दोन गाड्यांच्या मधे भरपूर टाइम ठेवा. जोधपूरहून पुढं रेल्वेनं नाहीतर बसनं पाच-सहा तास. वाटेत खायला धपाटे अन शेंगदाण्याची चटणी घ्या, दोन दिवस काही होत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. आपल्याला उन्हाची सवय असते म्हणून लोक स्वेटर नेत नाहीत, अन तिथं डिसेंबर-जानेवारीत पहाटे उघड्या जीपमधे दात वाजतात. पण लै थंडीत सांडा, म्हणजे काटेरी शेपटीचा सरडा, बिळातून निघत नाही, तो बघायचा असला तर ऊन तापायला लागल्यावर म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटी जा, बिळाच्या तोंडाशीच ऊन खात बसतो, काटेरी शेपूट बाहेर, जरा पाऊल वाजलं की गुडुप.

माळढोकासाठी पहाटेच निघायचं, मातकट कपडे घालायचे, दुर्बीण पाहिजेच. उंची मीटरभर असली तरी गवतात तो उभा राहिला की दिसत नाही, आधी पांढरी मान दिसते, मग नराची काळी टोपी. ड्रायव्हरला जवळ घे जवळ घे करू नका, मादी वर्षाला बहुतेक एकच अंडं घालते तेही उघड्या जमिनीवर, त्यात विजेच्या तारांना धडकून मरतात ते वेगळंच. नाही दिसला तरी चिंकारा, वाळवंटी कोल्हा, गिधाडं असतातच.

आत नेटवर्कचा भरवसा नाही, नकाशा आधीच डाउनलोड करा, पाणी अन कॅश जास्तीची ठेवा, ड्रोन घरीच राहू द्या, बॉर्डरचा भाग आहे. अन अर्धा दिवस उरला तर जैसलमेरहून बाडमेर रोडवर 17 किलोमीटरवर आकलचा फॉसिल पार्क आहे, 18 कोटी वर्षांपूर्वीचे झाडांचे ओंडके दगड होऊन पडलेत, तासाभरात बघून होतो.