कॅथेटरचा रबरी फुगा कसा बनतो

दोडामार्गात रबराची झाडं बघितली असतील तर हा विषय आपल्या अंगणातलाच आहे, तोच चीक (लॅटेक्स) पण अमोनिया घालून टिकवलेला, मग त्यात सल्फर वगैरे मिसळून तयार केलेला.

कॅथेटर म्हणजे शरीरात घालायची बारीक नळी, तिच्यावरचा फुगा कशासाठी ते आधी ठरवा. मूत्रमार्गाच्या फोली कॅथेटरला ताणणारा मऊ फुगा लागतो, लॅटेक्स किंवा सिलिकॉनचा, पण हृदयाची अडलेली रक्तवाहिनी उघडायला नायलॉन किंवा पीईटी प्लास्टिकचा, ठरल्या मापापुढे फारसा न फुगणारा.

आता लॅटेक्सच्या फुग्याचं डिपिंग, म्हणजे साचा चिकात बुडवून त्यावर थर चढवणं. गुळगुळीत साचा कॅल्शियम नायट्रेटच्या (चीक साच्यावर गोठवणाऱ्या) द्रावणात बुडवून वाळवा, मग लॅटेक्समध्ये हळू सोडा, घाई केली की हवेचे बुडबुडे अडकतात आणि फुगा नेमका तिथेच फुटतो. जास्त वेळ बुडवला तर थर जाड होतो. बाहेर काढल्यावर साचा फिरवत ठेवा, नाहीतर चीक ओघळून एक बाजू पातळ राहते आणि फुगा वाकडा फुगतो, रुग्णाच्या पोटात हे चालणारच नाही. मग कोमट पाण्यात धुवा, त्याने ॲलर्जी करणारी प्रथिनंही बरीच निघून जातात, शेवटी ओव्हनमध्ये पक्का करा. आपल्याकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट की वाळायला वेळ लागतो, खोलीतली आर्द्रता ताब्यात ठेवाच.

प्रत्येक फुगा पाण्याखाली फुगवून बघा, आणि प्रत्येक बॅचमधले थोडे फुटेपर्यंत फुगवून किती मिलीला फुटले ते लिहून ठेवा. माणसाच्या शरीरात जायचा असेल तर क्लीनरूम (धूळ आणि जंतू ताब्यात ठेवलेली खोली) आणि आयएसओ १०९९३ च्या, म्हणजे वस्तू शरीराला अपाय करत नाही ना हे बघणाऱ्या, चाचण्या हव्यातच.