मोबाईलचा रकाना काढताना

चादरी-टॉवेलांच्या ऑर्डरींची सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली) ट्रान्सपोर्टवाल्याला द्यायची होती, पण गिऱ्हाइकांचे मोबाईल नंबर वगळून. आधी 'कट' या रकाने कापणाऱ्या कमांडला चौथा, म्हणजे मोबाईलचा, रकाना उडवायला सांगितलं. वरच्या ओळी बरोबर आल्या, फाईल पाठवणारच होतो. तेवढ्यात एका पत्त्यावर नजर गेली: "साखर पेठ, सोलापूर". 'कट'ला अवतरणचिन्हं कळत नाहीत. त्यानं पत्त्यातल्या स्वल्पविरामावरच तोडलं. 'सोलापूर' गेलं आणि नंबर तसाच राहिला! दुसऱ्याचा नंबर असा बाहेर जाणं मला अजिबात चालत नाही.

मग नूशेल या तक्ते समजणाऱ्या कमांड-शेलमध्ये 'ओपन'नं फाईल उघडून 'रिजेक्ट' या रकाना वगळणाऱ्या कमांडला रकान्याचं नावच दिलं. नाव मुद्दाम चुकवून पाहिलं, तर सरळ एरर आली. फार बरं वाटलं. आता आधी तीनच ओळींवर तपासतो, त्यात स्वल्पविरामवाला एक पत्ता असतोच.