बाहेर देशात सेवेला जाताय? मग निघायची खूण आधीच ठरवा

सलाम मंडळी. मिरजेतनं, सांगलीतनं चर्चच्या कामाला बाहेर देशात जाणारी पोरं-पोरी जायच्या आधी व्हिसा विचारतात, मानधन विचारतात, थंडी किती असते ते पण विचारतात, पण तिकडं गोळीबार सुरू झाला तर काय करायचं हे कोण विचारत नाही.

सांगलीकराला हे सांगायला नको खरं तर. आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, आणि नदीकाठच्या सूर्यवंशी प्लॉटमधला माणूस काय ४५ ची वाट बघत बसत नाही, त्याआधीच फ्रीज माडीवर गेलेला असतो. तशाच दोन खुणा कागदावर लिहून काढा. एटीएम रिकामी, विमानं कॅन्सल व्हायला लागली, दुसऱ्या देशांनी आपापल्या लोकांची बायकापोरं परत पाठवली, की बॅग दारात. आपल्या एम्बसीनं निघा म्हटलं किंवा तिथल्या चर्चमधले जुने लोक जा म्हणाले, की निघायचं. हा कागद इथल्या पाळकांकडं पण द्या, कारण त्या दिवशी तिथं गेलेला माणूस "देव राखील, अजून दोन दिवस बघू" असंच म्हणणार. राहायचं असेल तर राहा, पण विचार करून राहा, उगं चालढकल करत नको.

सुदानच्या राजधानीचं, खार्टूमचं बघा. १५ एप्रिल २०२३, शनिवार सकाळ, लढाई सुरू झाली आणि एअरपोर्ट पहिल्याच दिवशी बंद. लोक घरात अडकले, लाइट नाही, पाणी नाही, मग आपल्या सरकारच्या सुटका मोहिमेत, ऑपरेशन कावेरीत, बसनं ८०० किलोमीटरच्या वर पोर्ट सुदानपर्यंत आणि तिथनं नेव्हीच्या जहाजानं नायतर विमानानं जेद्दा. म्हणून तिकीट काढून ठेवलंय म्हणजे झालं असं नसतं, रस्त्यानं जायची एक वाट, ड्रायव्हर कोण, डिझेल कुठलं, हे आधी बघून ठेवा.

पोचल्या पोचल्या एम्बसीत ऑनलाइन नाव नोंदवा. काही देशात आपली एम्बसीच नसते, शेजारच्या देशातली बघते, ते पण जाण्याआधी बघा. टुरिस्ट व्हिसावर जाऊन प्रचार अजिबात नको, उद्या पकडलं तर एम्बसीलाही हात-पाय हलवता येत नाहीत.

बॅगेत पासपोर्ट, डॉलरच्या सुट्ट्या नोटा, महिन्याची औषधं, पॉवरबँक, टॉर्च, आणि फोन नंबर कागदावर लिहून, कारण मोबाइल मेला की बायकोचा नंबर पण आठवत नाही आजकाल. पासपोर्ट हरवला तर एम्बसी परत यायला इमर्जन्सी सर्टिफिकेट देते, झेरॉक्स जवळ असली की काम लवकर होतं.

गोळीबारात गॅलरीत जाऊन व्हिडिओ काढू नका. खिडकीपासून लांब, मधल्या खोलीत नाहीतर बाथरूममध्ये, जमिनीवर पडून राहायचं. पाणी आधीच भरून ठेवा, बादल्या, पातेली, मिळेल त्यात. चेकपोस्टवर गाडी हळू, आतली लाइट चालू, हात दिसतील असे, वाद नाही, फोटो तर नाहीच. आणि रोज त्याच वेळेला त्याच रस्त्यानं उपासनेला जायचं बंद करा.

मोबाइलमध्ये तिथल्या विश्वासणाऱ्यांची नावं, ग्रुप फोटो ठेवू नका. तुम्ही विमानात बसाल, ते तिथंच राहणार आहेत.

आता घरच्यांना. आपल्याकडं मावशी-काकू स्टेटस टाकतात, "आमचा अमुक, तमुक गावात सेवा करतोय, प्रार्थनेत आठवण ठेवा", खाली फोटो. गावाचं नाव काढा ओ, प्रार्थना गावाच्या नावाशिवाय पण पोचते. रोज ठरलेल्या वेळेला फोन, तो एकाच माणसाला, आणि फोन नाही आला तर किती तासांनी कुणी कुणाला कळवायचं हे ठरलेलं पाहिजे.

२०१६ च्या मार्चमध्ये येमेनमधल्या एडनच्या वृद्धाश्रमावर हल्ला झाला, चार सिस्टर म्हणजे नन मारल्या गेल्या, आपले केरळचे फादर टॉम उझुन्नालिल यांना पळवून नेलं, ते सुटले २०१७ च्या सप्टेंबरात. म्हणजे दीड वर्षं. तसं काही झालंच तर टीव्हीवाल्यांशी बोलायचं नाही, पैसे द्यायचं स्वतः कबूल करायचं नाही, लगेच परराष्ट्र मंत्रालयाला फोन आणि त्यांच्या मदद पोर्टलवर तक्रार. तिथं पासपोर्ट नंबर लागतो, म्हणून एक झेरॉक्स आईच्या कपाटात ठेवूनच घर सोडा.