रेट सिंड्रोम: मुलीला डोळ्यांनी निवडू कसं द्यायचं

रेट सिंड्रोम या मेंदूच्या वाढीच्या जनुकीय आजारात पोरीचं बोलणं जातं, हातांचा वापर जातो, हात सारखे चोळत राहते, पण नजर बोलते, तीच वापरायची. केळं की शिरा, दोन्ही वाट्या तिच्यासमोर लांब लांब धरा, एकदाच विचारा आणि गप्प बसा. खरंच गप्प! उत्तराला वेळ लागतो, कधी अर्धा मिनिटसुद्धा, आणि तेवढ्यात आजी "अगं सांग ना" म्हणाली की परत पहिल्यापासून. नजर टेकली ती वाटी लगेच द्या, मग तुमच्या मनात दुसरी असली तरी. वाट्यांची जागा अधूनमधून बदला, नाहीतर ती नुसतीच डावीकडे बघतेय का ते कळत नाही. गिळायला त्रास असेल तर खाऊऐवजी खेळणी घ्या.